झाडपाल्याचं औषध पोटात गेल्यावर नेमकं काय होतं

परळला आमचं मेडिकल आहे. केईएम, टाटा, वाडिया सगळं हाकेच्या अंतरावर, त्यामुळे सकाळी शटर वर केलं की काउंटरवर चिठ्ठ्या सुरू. मागच्या आठवड्यात एक काका आले, साठीच्या पुढचे, शुगरची गोळी दर महिन्याला आमच्याकडूनच नेतात. गोळ्या घेतल्या, पैसे दिले आणि मग शर्टाच्या खिशातून दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली पानं काढून काचेवर ठेवली. सदाफुलीची पानं होती, सात-आठ, धुतलेली, अजून ओली. म्हणाले, "रोज सकाळी उपाशीपोटी चार चावून खातो, गावचा भाऊ म्हणाला शुगर उतरते. झाडपाला आहे, त्याला कसला साईड इफेक्ट? आता गोळी अर्धी केली तर चालेल ना?"

मागे चार माणसं ताटकळत होती म्हणून तेव्हा एवढंच सांगितलं की गोळी अर्धी करू नका, पानं आजपासून बंद करा आणि संध्याकाळी या, निवांत बोलू. काका खरंच आले आणि आम्ही तासभर बोललो. त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण हा प्रश्न दिवसातून दोन-तीनदा तरी येतो, कधी गुळवेलीचा, कधी हळदीचा, कधी व्हॉट्सॲपवर आलेल्या कुठल्या तरी काढ्याचा.

आपण म्हणतो अमुक झाडात गुण आहे. तो गुण म्हणजे एक रसायन असतं, कधी एक, कधी पाच-पन्नास, आणि ते वेगळं काढून वजन करता येतं. लवंगेचं उदाहरण घ्या. दाढ ठणकायला लागली की आई लवंग धरायला सांगते आणि पाच मिनिटांत दाढ बधिर होते, ते करतं युजेनॉल. लवंगेच्या तेलात सगळ्यात जास्त तेच असतं, आणि दातांच्या दवाखान्यात पाय ठेवल्यावर जो ओळखीचा वास येतो ना, तो बऱ्याचदा याच युजेनॉलचा, झिंक ऑक्साईडमध्ये कालवून डॉक्टर तेच दाढेत भरतात. म्हणजे आजीबाईच्या बटव्यातली लवंग आणि डेंटिस्टचं सिमेंट, माल एकच. फरक मात्रेचा, आणि तो फरक छोटा नाही, कारण तेच तेल न मिसळता कापसावर भरपूर घेऊन लावलं तर हिरडी भाजते, आणि लहान पोराने बाटली तोंडाला लावली तर यकृतावर येतं.

झाड ही रसायनं आपल्यासाठी बनवत नाही, हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं जातं. झाडाला पळता येत नाही. किडा आला, बुरशी आली, गुराने तोंड घातलं तर त्याच्याकडे एकच उपाय, पान कडू कर, तिखट कर, विषारी कर. कडुनिंबाचा कडूपणा, मिरचीचा जाळ, ओव्याचा उग्र वास हे सगळं राखणदारीचं काम आहे. जूनच्या तोंडावर दादरला पालघर-वसईकडच्या मावश्या शेवळं घेऊन बसतात बघा, आणि त्यांच्यासोबत हमखास काकडं असतात, ती आंबट छोटी फळं. नवीन गिऱ्हाईक नुसती शेवळं उचलायला गेलं तर मावशी हात धरून सांगते की काकडं घे, आणि आतला पिवळा भाग काढून टाक, नाहीतर घसा खाजेल. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे खडे असतात, डोळ्याला न दिसणारे, ते घशात टोचतात. आंबट घालून नीट शिजवलं की तीच भाजी आपण बोटं चाटत खातो. त्या मावशीला ऑक्झलेट हा शब्द माहीत नसेल, पण वनस्पतीशी कसं वागायचं हे तिला पक्कं ठाऊक आहे, कुठला भाग, किती, कशासोबत. मेडिकलच्या काउंटरवर उभा राहून मीसुद्धा हेच तीन प्रश्न विचारतो.

आता सदाफुलीकडे येतो. ही मूळची मादागास्करची, आता आपल्याकडे चाळीच्या गॅलरीत, देवळाच्या कुंपणाला, रेल्वेच्या कडेला कुठेही उगवते, बारा महिने फुलते म्हणून नाव सदाफुली. शुगरवर ती चालते ही समजूत फक्त आपली नाही, जमैकामध्येही लोक तिचा चहा प्यायचे. १९५०च्या दशकात ती पानं कॅनडात रॉबर्ट नोबल या शास्त्रज्ञाकडे पोचली, त्यांनी प्राण्यांना देऊन पाहिली, शुगर काही म्हणावी तशी उतरेना. पण अर्काचं इंजेक्शन दिलेल्या उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी भराभर खाली आल्या आणि इन्फेक्शन होऊन उंदीर मरायला लागले. दुसऱ्या कोणी ते सोडून दिलं असतं, नोबल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स बीअर यांनी उलटा विचार केला, की जे पांढऱ्या पेशी मारतं ते ब्लड कॅन्सरमध्ये चालेल का, कारण तिथे पांढऱ्या पेशीच बेसुमार वाढलेल्या असतात. त्यातून १९५८ साली विनब्लास्टिन हाती लागलं आणि पाठोपाठ विनक्रिस्टिन. आज लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरवर जी औषधं वापरतात त्यात बहुतेक वेळा विनक्रिस्टिन असतं. आमच्या दुकानासमोरून टोपी घातलेली, केस गेलेली पोरं आईच्या कडेवर बसून टाटाकडे जाताना रोज दिसतात, त्यातल्या कितीतरी जणांच्या शिरेत या सदाफुलीचंच द्रव्य जात असेल. मला हे आठवलं की प्रत्येक वेळी त्या झाडाबद्दल मन भरून येतं.

पण मात्रा बघा. मोठ्या माणसालासुद्धा एका वेळेला साधारण दोन मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, फक्त शिरेतून देतात, थेंबभर शिरेबाहेर सांडलं तर तिथलं मांस जळतं, आणि आधी रक्त तपासल्याशिवाय द्यायचं नाही. इतकं जपून. पेशी दोन होताना आतमध्ये जी दोऱ्यांची यंत्रणा लागते तीच हे द्रव्य मोडतं, म्हणून कॅन्सरची पेशी मरते, आणि म्हणूनच चांगल्या पेशीही मार खातात. पानात ते अगदी कणभर असतं हे खरं, पण त्याच्या जोडीला आणखी कितीतरी अल्कलॉइड, म्हणजे शरीरावर जोरात काम करणारी झाडातली रसायनं, असतात, आणि कुठल्या पानात किती हे ना काकांना माहीत ना मला. ऊन, माती, झाडाचं वय, सगळ्याने ते बदलतं. आज चार पानांत जेवढं गेलं तेवढंच उद्या जाईल याची काही गॅरंटी नाही, आणि गोळी मात्र अर्धी केली, की शुगर कुणाच्या भरवशावर राहणार?

काकांचा चेहरा जरा उतरला, मग मी त्यांना अडुळशाचं सांगितलं, कारण झाडपाला वाईट असं मला मुळीच म्हणायचं नाहीये. आपल्या गावाकडे अंगणात अडुळसा असायचाच, खोकला झाला की पानांचा रस मधातून. त्यातलं द्रव्य व्हॅसिसिन. साठच्या दशकात त्याच्यावरून बेतून ब्रोमहेक्सिन नावाचं औषध बनवलं आणि ब्रोमहेक्सिन शरीरात गेल्यावर त्याचं जे होतं ते ॲम्ब्रोक्सॉल. आता घरातली कफ सिरपची बाटली हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा, यातलं एक नाव बऱ्याच बाटल्यांवर सापडेल. म्हणजे अडुळसा गेला कुठेच नाही, बाटलीत आला, फक्त पाच मिलीत किती मिलिग्रॅम ते छापून आला. फक्त एक लक्षात ठेवा, व्हॅसिसिनने गर्भाशय आकुंचन पावू शकतं, त्यामुळे दिवस गेलेल्या बाईने घरच्या घरी अडुळशाचा रस घेऊ नये. हे सांगितलं की लोक दचकतात, पण दचकावं अशीच गोष्ट आहे.

आणि परळमध्ये बसून सर्पगंधेचं सांगितलं नाही तर काय उपयोग. सर्पगंधेचं मूळ आपल्याकडे शेकडो वर्षं वापरात, वेडावर, झोपेवर, सापाच्या विषावर. १९४९ साली केईएममधले डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी ब्लड प्रेशरच्या पेशंटना हे मूळ देऊन, रोज मोजून, टिपून ठेवलेले निकाल ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले. बीपीवर धड गोळी नसण्याचा तो काळ. जगभर खळबळ उडाली, तीन वर्षांत स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने त्यातलं रेसरपिन वेगळं काढलं आणि १९५७ला डॉ. वकिलांना वैद्यकातला अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. मला यात जास्त भावतं ते त्यांचं मोजणं. मूळ तर हजारो वैद्यांनी वापरलं होतं, पण किती दिलं, कितीने प्रेशर उतरलं, काय त्रास झाला हे वहीत लिहून जगापुढे ठेवलं वकिलांनी. आणि त्रास होता, रेसरपिनने मेंदूतली आणि नसांमधली काही रसायनं रिकामी होतात, त्यानेच प्रेशर उतरतं आणि त्यानेच काही पेशंट उदास होत गेले. म्हणून ते औषध आता मागे पडलं. गुण आणि त्रास एकाच बीतून आलेले, एक घ्यायचा आणि दुसरा परत द्यायचा असं होत नाही.

हळदीबद्दल मात्र जरा सविस्तर लिहायला पाहिजे, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे आहे. हळदीतलं पिवळं द्रव्य करक्युमिन. सुक्या हळदीत ते साधारण तीन टक्के धरा, म्हणजे एक चमचा, तीन ग्रॅम हळदीत नव्वद-शंभर मिलिग्रॅम. दुधात आपण टाकतो अर्धा चमचा. आणि करक्युमिनची गंमत अशी की ते पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून रक्तात फार थोडं शिरतं, आणि जे शिरतं ते यकृत लगेच बांधून बाहेर घालवतं. यकृत म्हणजे आपला जुना दहिसरचा जकात नाका समजा, पोटातून आलेली प्रत्येक गाडी आधी तिथे थांबणार, तपासली जाणार, मगच शहरात. करक्युमिनची गाडी नाक्यावरूनच परत फिरते.

१९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी माणसांना दोन ग्रॅम करक्युमिन दिलं तर रक्तात जेमतेम सापडलं, मग त्याच्यासोबत वीस मिलिग्रॅम पिपरिन दिलं, म्हणजे काळ्या मिरीतलं तिखट द्रव्य, तर वीस पटीने वाढलं. पिपरिन नाक्यावरच्या माणसाला बाजूला बसवतं, इतकं सोपं आहे. आता तुम्ही म्हणाल वा, मग हळदीत मिरी घालूया. घाला की, स्वयंपाकात घाला, आपल्या मसाल्यात आहेच, फोडणीच्या तेलात हळद पडते तेही बरोबरच आहे कारण करक्युमिनला तेल मानवतं. पण दोन ग्रॅम करक्युमिन म्हणजे हिशोबाने वीस चमचे हळद झाली, तेवढी कोणी दुधात घालत नाही. आणि कॅप्सूलमध्ये एवढं भरून वर पिपरिन घालून रोज घेतलं तर नाका फक्त करक्युमिनसाठी उघडा राहत नाही ना, तुमच्या बाकीच्या गोळ्यांच्या गाड्याही बिनतपासणीच्या आत जातात. फिटची फेनिटॉइन, प्रेशरची प्रोप्रानोलोल, दम्याची थिओफायलिन यांची रक्तातली पातळी पिपरिनने वाढते हे मोजलेलं आहे. आणि अशा जोरदार हळदीच्या कॅप्सूलने यकृताला सूज आलेले पेशंट परदेशात नोंदले गेलेत. भाजीतल्या हळदीने नाही, कॅप्सूलने. हा फरक मी दिवसभर सांगत असतो.

हळदीचा विषय निघाला म्हणून एक सांगतो. १९९५ला अमेरिकेत हळदीने जखम भरते या गोष्टीवर पेटंट दिलं गेलं होतं, आपल्या सीएसआयआरने, म्हणजे सरकारी विज्ञान संशोधन परिषदेने, ते आव्हान देऊन १९९७ला रद्द करायला लावलं, आणि तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, गिरगावात वाढलेले, माटुंग्याच्या यूडीसीटी या केमिकल टेक्नॉलॉजीच्या कॉलेजात शिकलेले. ती लढाई जिंकली ती भावनेवर नाही, जुने छापील कागद पुढे ठेवून जिंकली. पुराव्याचं महत्त्व आपल्याच माणसाने दाखवून दिलंय.

आता घरचं सांगतो. माझी आई भजनी मंडळात गाते, दोन वर्षांपूर्वी श्रावणात रोज कुठे ना कुठे भजन, घसा बसला, तर कोणीतरी ज्येष्ठमधाची काडी चघळायला सांगितली. घसा खरंच सुटला. मग सवयच लागली, पर्समध्ये काडी, उशाखाली काडी, गोड लागते ना, त्यातलं ग्लिसरायझिन साखरेच्या पन्नासेक पट गोड असतं. महिनाभराने बीपी १७०च्या घरात, पायाला सूज, गोळी तीच, मीठ तेच. डॉक्टर गोळी वाढवणार होते, त्याआधी त्यांनी रक्त तपासलं तर पोटॅशियम खाली. तेव्हा त्यांनी विचारलं, "आजी, काही चघळता का?" मी केमिस्ट, रोज आईच्या शेजारी बसून जेवतो, आणि माझ्या ध्यानात आलं नव्हतं याचं आजही वाईट वाटतं. झालं असं होतं की आपल्या शरीरात कॉर्टिसॉल नावाचं हॉर्मोन असतं, ते मूत्रपिंडात जाऊन मीठ धरून ठेवायचा हुकूम देऊ शकतं, म्हणून तिथे एक एन्झाइम त्याला निकामी करायला बसलेलं असतं. ज्येष्ठमध नेमकं ते एन्झाइम बंद करतं. मग शरीर मीठ आणि पाणी साठवतं, पोटॅशियम बाहेर टाकतं, प्रेशर चढतं. काडी बंद केली, दोन-तीन आठवड्यांनी बीपी त्याच जुन्या गोळीवर जागेवर आलं. दोन दिवस घसा बसला म्हणून काडी चघळणं वेगळं, पण बीपी असेल तर विचारल्याशिवाय नको, आणि रोज तर नकोच.

गुळवेलीचं तर कोविडमध्ये बघितलंच. दादरला कांड्यांचे ढीग लागायचे, घरोघरी काढा. त्याच काळात, २०२० च्या शेवटी, मुंबईतल्या डॉक्टरांकडे गुळवेल घेणारे सहा जण कावीळ आणि यकृताची सूज घेऊन आले, ते त्यांनी २०२१ला छापलं, पुढे देशातल्या तेरा केंद्रांतून अशा त्रेचाळीस पेशंटची नोंद झाली, त्यातल्या बऱ्याच जणांना आधीपासून ऑटोइम्यून प्रकारचा त्रास होता म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उठणारी. आयुष मंत्रालयाने म्हटलं की गुळवेल नीट ओळखली गेली नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते. माझं म्हणणं, दोन्हीतून घ्यायचं ते एकच आहे. पिशवीतली कांडी नक्की कुठल्या वेलीची हे आपल्याला सांगता येत नसेल, आणि "इम्युनिटी वाढवा" हे सगळ्यांनाच चालतं असं नसेल, तर महिनोन्महिने काढा पिऊ नये.

फक्त औषधी वनस्पतीच नाही, साधा दुधीसुद्धा. दुधीचा रस सकाळी प्यायचा म्हणून जुहूपासून शिवाजी पार्कपर्यंत लोक बाटल्या घेऊन चालतात. दुधी कधीकधी कडू निघतो, तो कडूपणा कुकुरबिटॅसिनचा, आणि त्याने उलट्या, रक्तस्राव, प्रेशर एकदम खाली जाणं असं होतं. २०१० साली दिल्लीत एक शास्त्रज्ञ असा कडू रस पिऊन गेले, त्यानंतर आयसीएमआरने, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने, तज्ज्ञांची समिती नेमून लोकांना सावध केलं. आधी एक फोड जिभेवर लावा, कडू लागली की थुंका आणि अख्खा दुधी टाकून द्या. औषध आहे म्हणून नाक दाबून कडू पिणं हे दुधीच्या बाबतीत जिवावर बेतू शकतं.

आणखी एक फसगत होते ती बातम्यांनी. "अमुक पानाने कॅन्सरच्या पेशी मारल्या", वाचून माणूस हुरळतो. काचेच्या ताटलीत पेशी ठेवून त्यावर अर्क ओतला तर खूप गोष्टींनी त्या मरतात, मिठाच्या पाण्यानेही मरतील. प्रश्न असतो तो तेवढा अर्क पोटातून, नाक्यावरून, रक्तातून त्या गाठीपर्यंत पोचतो का, आणि वाटेत बाकीचं काय काय मारतो. गुग्गुळाचं बघा, कोलेस्टेरॉलवर म्हणून आपल्याकडे त्याचं औषधही आलं, अपेक्षा मोठी होती, पण २००३ साली अमेरिकेत माणसांवर नीट चाचणी घेतली, काहींना गुग्गुळ, काहींना खोटी गोळी, तर गुग्गुळवाल्यांचं वाईट कोलेस्टेरॉल थोडं वाढलेलंच निघालं. असं निघालं की वाईट वाटतं, पण कळलं तरी.

मग साधं, निर्धास्त काय घ्यावं, हे काकांनी विचारलंच. मी म्हटलं इसबगोल घ्या. त्याचा बुळबुळीत चिकटपणा हाच त्याचा गुण, पोट साफ होतं आणि पित्तरस धरून ठेवत असल्यामुळे कोलेस्टेरॉलही थोडं उतरतं, हे माणसांवर पुन्हापुन्हा तपासून झालंय. मेथीदाणेही तसेच, त्यातला विरघळणारा धागा जेवणातली साखर रक्तात हळूहळू सोडतो. फक्त इसबगोल भरपूर पाण्यासोबत, आणि बाकीच्या गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर ठेवून, नाहीतर गोळीही त्या चिकट्यात अडकते. मेथी सुरू केली तर शुगर मोजत राहा आणि डॉक्टरांना सांगा, गोळी कमी करायची वेळ आली तर ती ते करतील.

आणि डॉक्टरकडे जाताना घरात जे जे पोटात जातं ते सगळं एका पिशवीत घालून न्या, काढा, चूर्ण, काडी, तेल, सगळं. बरेच लोक सांगत नाहीत, डॉक्टर ओरडतील म्हणून. ऑपरेशन ठरलेलं असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तर लपवूच नका.

काल काका परत आले, शुगर आणि रक्ताचा रिपोर्ट घेऊन, पांढऱ्या पेशी ठीक होत्या, मी दोनदा बघितलं. सदाफुली आता फक्त देवाला जाते म्हणाले. सोबत काकूही होत्या. त्यांनी पदराखालून एक प्लास्टिकची डबी काढली, करड्या रंगाचं चूर्ण, वर लेबल नाही, गुडघ्यासाठी कोणीतरी गावाहून पाठवलेलं, आणि दुखणं दोन दिवसांत गायब. दोन दिवसांत गायब म्हटल्यावर मला भीती वाटली, कारण अशा बिनलेबलच्या चूर्णात कधीकधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं, आणि ते असेल तर एकदम बंद करणंही धोक्याचं. मी सांगितलं, "काकू, वासावरून मला नाही सांगता येणार. ज्याने दिलं त्याला फोन करा आणि यात काय काय आहे ते एकेक नाव लिहून घ्या." काकूंनी तिथेच काउंटरला टेकून फोन लावला. मी बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर पेन टेकवून उभा राहिलो.